कोकणातल्या भेकराचा जीनोम आम्ही कसा वाचला

भेकर कोकणात कुणाला दाखवावं लागत नाही. तिन्हीसांजेला काजूच्या बागेपलीकडून कुत्र्यासारखं, पण कोरडं आणि एकाच सुरात भुंकणं सुरू झालं की घरातलं लहान पोरही सांगतं, "भेकरू ओरडता." वीस-पंचवीस किलोचं, एकट्यानं राहणारं हरीण. नराच्या कपाळावरून दोन काळ्या रेघा वर चढतात, केसाळ खुंटांवर आखूड शिंगं असतात आणि ओठांतून सुळे बाहेर डोकावतात. धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत ते 'कमीत कमी चिंता' या गटात आहे. ही नोंदच त्याच्या आड येते, असं मला वाटत आलंय. जे सगळीकडे आहे त्याची कोण कशाला मोजदाद करील? वाघाच्या वाट्याला पैसा, माणसं, कॅमेरे येतात, यायलाच हवेत. पण बिबटा आणि रानकुत्रे ज्याच्यावर जगतात, जे आवळ्यासारखी फळं गिळून रवंथ करताना त्यांच्या बिया रानभर टाकत फिरतं, त्या जनावराची सिंधुदुर्गात आज काय अवस्था आहे, हे सांगायला आमच्याकडं पुरेसं काहीच नव्हतं.

जनुकशास्त्र शिकलेल्यांना भेकर वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. हरणांच्या पूर्वजांमध्ये ७० असावीत, असं मानतात. भेकराच्या मादीत ती फक्त ६ असतात आणि नरात ७. सस्तन प्राण्यांमधला हा सर्वांत कमी आकडा. १९७० साली डॉरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी हे जाहीर केलं तेव्हा जगभरचे पेशीशास्त्रज्ञ चकित झाले, कारण याच्याच चुलतघराण्यातल्या चिनी भेकरात ४६ गुणसूत्रं आहेत. जनुकं मात्र हरवलेली नाहीत. जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळत एकमेकांना चिकटत गेली आणि थोडी पण प्रचंड लांब गुणसूत्रं तयार झाली. मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या परड्यामागे भुंकणारं जनावर हेच, यावर विश्वास बसेना.

आता उपजातीचा मुद्दा. दक्षिण भारतातल्या भेकराला लिडेकर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १९१५ साली 'मलबारिकस' असं नाव दिलं. पुढं कुणी त्याला उपजात मानलं, कुणी स्वतंत्र जात. २०१७ मध्ये जुन्या संग्रहालयांतल्या कातड्या-हाडांमधून मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडून पिल्लांत येणारा, डीएनए काढून एक अभ्यास झाला. त्यात लाल भेकरांचे तीन वेगळे मातृवंश दिसले: एक आशियाच्या मुख्य भूमीवरचा, एक इंडोनेशियाकडच्या सुंदा बेटांवरचा आणि एक श्रीलंका व पश्चिम घाटातला. म्हणजे आमच्याकडचं भेकर हे एका जुन्या, वेगळ्या फांदीवरचं आहे. पण भेकराचा जो संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा मजकूर, २०२० साली गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवून प्रसिद्ध झाला तो 'व्हजायनालिस' या उत्तरेकडच्या उपजातीचा. काम उत्तम आहे, आम्ही त्याचा पदोपदी आधार घेतला. तरी दुसऱ्या वंशाचा जीनोम संदर्भ म्हणून समोर ठेवून आपल्या जनावराचा डीएनए वाचला की जे तुकडे आपल्यात आहेत आणि संदर्भात नाहीत, ते हिशोबातच येत नाहीत. आनुवंशिक विविधतेचं मोजमाप त्यानं बिघडतं. म्हणून मलबारी भेकराचा स्वतःचा जीनोम हवा होता, आणि तो सिंधुदुर्गातल्या जनावराचा व्हावा असं आम्ही ठरवलं. ही फांदी उत्तरेकडं कुठपर्यंत येते, हा प्रश्न सोडवायला तळकोकणासारखी जागा नाही.

परवानग्यांचं फार सांगत नाही. भेकर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. त्याची लेंडीसुद्धा प्रयोगशाळेत न्यायची तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत एक पावसाळा गेला. नियम कडक आहेत ते बरंच आहे, असं मी आजही म्हणते.

कामाचे दोन भाग होते. पुष्कळ ठिकाणच्या पुष्कळ भेकरांचा थोडा थोडा डीएनए, आणि एकाच भेकराचा अगदी ताजा, न तुटलेला डीएनए. पहिल्यासाठी लेंड्या पुरतात.

ताजी लेंडी ओळखायला शिकावं लागतं. ती गडद, ओलसर असते आणि तिच्यावर पातळ चकाकी असते. ती चकाकी महत्त्वाची. आतड्याच्या अस्तराच्या पेशी लेंडीला बाहेरून चिकटून येतात आणि भेकराचा डीएनए असतो तो त्या पातळ थरात. आत नुसता चोथा आणि जिवाणू. म्हणून लेंडी फोडायची नाही, घासायची नाही, हातमोजा बदलून चिमट्यानं अलगद उचलायची आणि अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची. आमच्याकडचा पाऊस हा थर क्षणात धुऊन टाकतो, त्यामुळे जून ते ऑक्टोबर हे काम बंदच. नोव्हेंबरनंतरही पहाटेचं दंव आणि शेणकिडे यांच्या आधी पोचावं लागतं. बरं, रानात बकऱ्याही चरतात. पिसोरी या चिमुकल्या हरणासारख्या प्राण्याची लेंडी बारीक असते, ती कळते; बकरीची आणि भेकराची नुसत्या नजरेला फसवू शकते. म्हणून प्रत्येक नमुन्याचा आधी मायटोकॉन्ड्रियाचा छोटा तुकडा वाचून जात पक्की करायची आणि मगच पुढं जायचं.

आम्ही दोडामार्ग, तिलारी, आंबोली हा पट्टा धरला होता. तिलारीचं रान २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं, पण भेकर काही राखीव क्षेत्राची हद्द पाळत नाही. ते काजूत असतं, रबराच्या लागवडीच्या कडेला असतं, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, खालच्या झाडीत असतं आणि गावागावांच्या देवरायांत तर असतंच. देवराईत जायचं तर वनखात्याचा कागद पुरत नाही. एका गावात गावकर म्हणाले, "आधी देवाक इचारूया." सकाळी मानकरी जमले, नारळ ठेवला आणि गुरवांनी गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या राईत इली आसत. तुझ्या राईतल्या जनावराचो जो काय शोध घेतत, तेका येश दी रे म्हाराजा." मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा." मी आजवर ज्या ज्या ठिकाणी परवानगी मागितली त्यात माझ्या कामाचा हेतू इतक्या थोडक्यात आणि इतका बरोबर कुणी मांडलेला नाही. नंतर त्याच मानकऱ्यांनी स्वतः पुढं होऊन वाट दाखवली. पडलेल्या उंबरांखाली भेकर कधी येतं, कुठल्या पाणंदीनं वर चढतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या राईतल्या नमुन्यांतून डीएनए चांगला निघाला, कारण आम्ही योग्य वेळी योग्य झाडाखाली उभे होतो.

दुसरा भाग अवघड होता. लेंडीतला डीएनए तुटका असतो आणि त्यात भेकराचा वाटा थोडा. बाकी जिवाणूंचा आणि झाडपाल्याचा. संपूर्ण जीनोम नव्यानं जुळवायचा तर डीएनएचे लांबच लांब धागे लागतात. ते मिळतात ताज्या रक्तातून किंवा ऊतींमधून. त्यासाठी धडधाकट भेकर पकडायचं नाही, हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. या जातीला पकडण्याचा ताण सहन होत नाही, जाळ्यातच जीव जाण्याचा धोका असतो. राहिलं ते रस्त्यावर गाडीखाली मेलेलं भेकर. पण मेल्यावर पेशीतलीच विकरं डीएनए कापायला लागतात आणि कोकणच्या दमट उष्म्यात हे फार भराभर होतं. काही तासांत पोचलो तर काहीतरी हाती लागणार.

म्हणून आम्ही गावोगाव बसलो. ग्रामपंचायत, दूध सोसायटी, रिक्षा स्टँड, शाळा. भेकर रस्त्यावर पडलेलं दिसलं तर आधी वनखात्याला आणि मग आम्हाला कळवा, एवढंच सांगायचं. लोकांनी विचारलं, "मेलल्या भेकराचा काय करतालास?" आम्ही लॅपटॉपवर ती सहा गुणसूत्रं दाखवायचो. मेलेलं भेकर गुपचूप उचलून नेलं तर कुणाला कळणारही नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. तरी फोन येऊ लागले. बऱ्याचदा उशीर झालेला असायचा. अंग ताठलेलं, पोट फुगलेलं. अशा वेळी कानाचा तुकडा घ्यायचा, तो लोकसंख्येच्या अभ्यासाला उपयोगी पडतो, आणि परतायचं.

जो नमुना शेवटी संदर्भ ठरला त्याचा फोन थंडीतल्या एका पहाटे आला. दूध घालायला निघालेले एक काका होते. "मॅडम, भेकरू गाडयेन उडवल्यान. अजून गरम आसा. बेगीन येवा." आम्ही पोचलो तेव्हा काका रस्त्याच्या कडेला सायकल आडवी लावून उभे होते, कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून. पूर्ण वाढलेला नर होता. थोड्या वेळात वनरक्षक आणि वनपाल आले, दोन पंच बोलावले, पंचनामा झाला. पशुधन विकास अधिकारी आल्यावर शवविच्छेदन सुरू झालं. परवानगीत लिहिलं होतं तेवढंच आम्ही घेतलं: मांडीचा स्नायू, प्लीहा, कानाची कातडी. तांदळाएवढे बारीक तुकडे करून लहान नळ्यांत भरायचे आणि त्या नळ्या लगेच द्रव नायट्रोजनमध्ये सोडायच्या, उणे १९६ अंशांत. मोठा तुकडा घातला तर मधला भाग गोठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो बिघडतो. बाकीचं शव नियमाप्रमाणे जाळण्यात आलं. काका शेवटपर्यंत थांबले होते.

हा नायट्रोजन कुठला, हे सांगायलाच हवं. प्रयोगशाळा पुण्यात, आणि नायट्रोजन तर सतत उडून जाणारा. तो तळकोकणात कायम भरलेला ठेवायचा कसा, यावर आम्ही पुष्कळ डोकं खपवलं होतं. उत्तर तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होतं. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात आणि त्यासाठी नायट्रोजनचा पुरवठा नियमित येतो. तिथल्या डॉक्टरांनी आमचा एक कंटेनर आपल्या कंटेनरांशेजारी ठेवून घेतला आणि आठवड्याला पट्टी बुडवून त्यातली पातळी बघायची जबाबदारीही घेतली. हे झालं नसतं तर त्या पहाटे आमच्याकडं मासळीच्या जेटीवरून आणलेल्या बर्फाशिवाय काही नव्हतं. बर्फावर मासा टिकतो, लांब डीएनए टिकत नाही.

दुपारी जीप आंबोली घाट चढली. नायट्रोजनच्या कंटेनरचं झाकण घट्ट लावता येत नाही, वायू बाहेर पडायला वाट लागते. आणि तोच वायू बंद गाडीत साठला तर आतली माणसं गुदमरतात. त्यामुळे आजरा, कोल्हापूर करत पुण्यापर्यंत खिडक्या उघड्या ठेवून गेलो.

प्रयोगशाळेतला पहिला टप्पा मला सर्वांत आवडतो. चिनीमातीचा खल आधी नायट्रोजन ओतून गार करायचा, त्यात गोठलेला स्नायू टाकायचा आणि वितळू न देता त्याची पीठासारखी भुकटी करायची. मग द्रावणात घालून प्रथिनं पचवणारं विकर मिसळायचं आणि उबेत ठेवायचं. यापुढं घाई अजिबात चालत नाही. नळी हलवायची नाही, नुसती हळूहळू उलटसुलट करायची; पिपेटचं टोक रुंद तोंडाचं हवं, नाहीतर डीएनए त्याच्या कडेला घासून तुटतो. शेवटी गार अल्कोहोल कडेनं सोडलं की दोन द्रवांच्या सीमेवर पांढुरके तंतू दिसायला लागतात. काचेच्या आकड्याला ते गुंडाळून येतात. डोळ्यांना दिसणारा डीएनए मी विद्यार्थ्यांना अनेकदा केळ्यातून काढून दाखवलाय. हा मात्र पहाटेच्या त्या नराचा होता. मला आकडा धरून थोडा वेळ नुसतं बघत बसावंसं वाटलं, आणि मी बसले. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर तपासलं तर लेंडीच्या डीएनएसारखा खालपर्यंत पसरलेला पट्टा नव्हता, सगळा माल वरतीच, लांब रेणूंच्या जागी होता.

भेकराच्या जीनोममध्ये सुमारे अडीच अब्ज अक्षरं आहेत. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचणारं यंत्र नाही. तुकडे वाचावे लागतात आणि संगणकावर एकमेकांवर बसवावे लागतात. स्वस्त पद्धतीत तुकडे दीडशे अक्षरांचे असतात. आम्ही मुख्य काम लांब वाचनानं केलं, त्यात एकेक तुकडा पंधरा-वीस हजार अक्षरांचा आणि तरी अचूक असतो. खडी रचून भिंत उभी राहत नाही, चिरे लागतात, तसंच हे. जीनोममध्ये एकसारख्या अक्षरांच्या पुनरावृत्तीचे मोठाले पट्टे असतात आणि दीडशे अक्षरांचा तुकडा त्यातल्या नेमक्या कुठल्या जागेचा, हे कळायला मार्गच नसतो. भेकरात तर जुनी गुणसूत्रं जिथं सांधली गेली तिथं असे पट्टे पडलेले आहेत, आणि आम्हाला नेमके ते सांधेच नीट बघायचे होते.

तुकडे जुळले तरी कुठला लांब भाग कुठल्या गुणसूत्रावर, हे ठरायचं राहतं. त्यासाठी हाय-सी नावाची पद्धत वापरतात. गोठवलेल्या पेशीत डीएनएची जशी घडी आहे तशीच ती रसायनानं पक्की करायची आणि घडीत एकमेकांजवळ आलेले भाग जोडून वाचायचे. एकाच गुणसूत्रावरचे भाग एकमेकांना जास्त वेळा भेटतात. त्या भेटींचा नकाशा काढला की प्रत्येक गुणसूत्राचा एक गडद चौकोन दिसतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नकाशात कर्णावर वीस-तीस लहान-मोठे चौकोन ओळीनं असतात. आमच्या पडद्यावर तीन अजस्र चौकोन उमटले आणि त्यांच्या कडेला वाय गुणसूत्राचे किरकोळ तुकडे. तिसऱ्या चौकोनाच्या एका भागात वाचनं निम्मीच होती. भेकरात एक्स गुणसूत्र तिसऱ्या गुणसूत्राला जोडलेलं असतं आणि नरात एक्स एकच, म्हणून निम्मी. १९७० साली सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या पेशींत जे दिसलं होतं ते सिंधुदुर्गातल्या एका भेकराच्या अक्षरांमधून आमच्यासमोर आलं होतं. त्या रात्री मी घरी फोन करून आईला जागं केलं.

मायटोकॉन्ड्रियाचा अनुक्रम ताडून पाहिला. तो श्रीलंका आणि पश्चिम घाट या वंशातच बसला.

आता जीनोम झाला, पुढं काय, असं गावातले लोक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. आई आणि बाप दोघांकडून आलेल्या प्रतींमध्ये जिथं लांबलांब पट्टे हुबेहूब सारखे सापडतात तिथं जवळच्या नात्यात वीण झालेली असते. पट्टा जितका लांब तितकी ती वीण अलीकडची. म्हणजे रस्ता, धरण, लागवड यांनी एखादं रान तोडलं गेलं आणि आतली भेकरं आपापसातच वाढू लागली, तर ती संख्येनं कमी दिसण्याच्या आधीच डीएनए सांगतो. हे मोजायला संदर्भ अचूक लागतो, आणि आता तो आपलाच आहे. त्यातून नेमक्या जागा निवडून एक छोटी चाचणी तयार करायचं काम सुरू आहे, जेणेकरून लेंडीतल्या तुटक्या डीएनएवरही हे तपासता येईल. जप्त केलेलं मटण बकरीचं की भेकराचं, आणि भेकराचं तर कुठल्या रानातलं, हेही पुढंमागं त्यावरून सांगता यावं.

माझा स्वतःचा जीव अडकलाय तो फणसाडच्या प्रश्नात. मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य समुद्राच्या अंगाला आहे. तिथल्या आणि सह्याद्रीतल्या भेकरांच्या मध्ये गावं आहेत, रेल्वे आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग आहे. चौपदरी रस्ता माणसांना हवा, मलाही हवा. दर गणपतीला त्या रस्त्यावर तासन्‌तास अडकलेली मी. पण जनावरांसाठी खालून वाट कुठं ठेवायची हे रस्ता झाल्यावर ठरवण्यात काही अर्थ नसतो. आधी कुठली रानं अजून एकमेकांशी नातं राखून आहेत ते कळलं पाहिजे. फणसाडच्या लेंड्या आणि तिलारीच्या लेंड्या या हिवाळ्यात एकाच संदर्भावर बसवून बघणार आहोत.

मेलेल्या भेकरांचे नमुने आम्हाला अजूनही हवेत, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडमधले. तुम्हाला असं भेकर दिसलं तर हात लावू नका, १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा, जागेचा एक फोटो काढा. आणि फोनवर बोलताना पोट फुगलंय का आणि डोळे अजून स्वच्छ आहेत का, तेवढं बघून सांगा. त्यावरून नायट्रोजन घेऊन निघायचं की नाही, ते ठरतं.